विजेचे मीटर आधी काय मोजत असे

विचारणा अशी आहे: मुंबईतील एका जुन्या घराची दुरुस्ती चालू असताना जिन्याखालच्या फळीवर काळ्या ओतीव लोखंडी पेटीचे, पितळी तबकड्यांचे एक विजेचे मीटर सापडले. असे मीटर कोणत्या काळातले असते, त्याच्याही आधी घरातल्या विजेचा हिशोब कसा ठेवत, आणि त्या काळच्या मोजणीवर विश्वास ठेवावा असे तिच्यात काही होते का? मी तीस वर्षे मीटर तपासणीच्या कामात घालवली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आजच्या मीटरचाच कच्चा, ओबडधोबड अवतार म्हणजे जुने मीटर, असा समज सर्रास आढळतो आणि तो मला पटत नाही. १८८० ते १९०० या वीस वर्षांत जी मीटर निघाली, त्यांतली बरीचशी मुळात ऊर्जा मोजतच नव्हती. कोणी दिव्यांचे तास मोजत होते, कोणी विद्युतप्रवाह आणि काळ यांचा गुणाकार मोजत होते, तर कोणी खरोखरची ऊर्जा. वीज कंपनी घरात नेमके काय विकत आहे, यावर मीटरने काय मोजायचे हे ठरत असे, आणि विकण्याची वस्तू बदलली की मीटरही बदलत असे. एवढे लक्षात ठेवले तर पुढचा सगळा इतिहास समजायला सोपा जातो.

घरोघरी वीज येण्याआधी युरोप-अमेरिकेच्या शहरांत कोळशाचा गॅस नळाने येत असे आणि त्याची मीटर लोकांच्या चांगली ओळखीची होती. गॅस ही डोळ्यांना दिसत नसली तरी जागा व्यापणारी वस्तू आहे. इतके घनफूट आले, इतके पैसे झाले, हे कोणालाही समजत असे. विजेच्या बाबतीत किती आली म्हणजे काय आले, याचेच उत्तर ठरलेले नव्हते. म्हणून सुरुवातीचा सर्वांत सोपा करार दिव्यामागे असे. घरात जितके दिवे, तितका दरमहा ठरावीक आकार, मग दिवा तासभर जळो की रात्रभर. दिवा विझवण्यात ग्राहकाचा काहीच फायदा नसल्याने तो विझवत नसे, आणि कोळसा मात्र कंपनीचा जळत असे. या तोट्यावर पहिला उपाय निघाला तो दिवातासांचा. अमेरिकेत सॅम्युअल गार्डिनर याने १८७२ साली अशा एका यंत्राचे पेटंट घेतले. ते म्हणजे मूलतः एक घड्याळ होते. प्रवाह सुरू झाला की विद्युतचुंबक त्या घड्याळाची अडवणूक काढून घेई, आणि प्रवाह थांबला की घड्याळही थांबे. दिवा किती वेळ जळला एवढेच त्यातून कळत असे. एकाच तारेवर एकच दिवा, किंवा सगळे एकदम लागणारे आणि एकदम विझणारे दिवे असतील तेथे हे पुरेसे होते. ज्या घरात एका खोलीतला दिवा लागतो आणि दुसऱ्या खोलीतला विझतो, तेथे त्याचा उपयोग नव्हता.

न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे पर्ल स्ट्रीट केंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले तेव्हा त्यावर सुमारे ४०० दिवे होते, आणि हे दिवे ग्राहकाला हवे तेव्हा, हवे तितके लावता येतील हीच त्या योजनेची ख्याती होती. म्हणजे एडिसनला प्रवाहाची कमी-जास्त मात्रा धरून बेरीज करणारे साधन हवे होते, आणि त्याने ते यंत्रशास्त्रातून न घेता रसायनशास्त्रातून घेतले. झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताच्या दोन पट्ट्या बुडवून त्यांतून प्रवाह सोडला की एका पट्टीवरचे जस्त विरघळते आणि दुसरीवर जाऊन बसते. किती जस्त हलले हे प्रवाह आणि काळ यांच्या गुणाकारावरच अवलंबून असते, हा फॅरडेचा नियम. एक अँपियर प्रवाह एक तास चालला तर १.२२ ग्रॅम जस्त हलते. मीटर म्हणजे फक्त एक काचेची बाटली, तिच्यात दोन पट्ट्या, आणि फिरणारा एकही भाग नाही. झिजण्यासारखे काही नाही, वंगण घालण्याचे काम नाही. तपासणीच्या टेबलावर वर्षानुवर्षे झिजलेले बेअरिंग पाहिलेल्या माणसाला ही कल्पना आजही मोहात पाडते.

पण एका घराचा सगळा प्रवाह बाटलीतून जाऊ दिला तर काय होईल, याचा हिशोब करून पाहावा. त्या काळचा सोळा मेणबत्तीशक्तीचा दिवा साधारण पाऊण अँपियर घेत असे. असे दहा दिवे रोज चार तास जळले तर महिन्याला ९०० अँपियर-तास होतात, आणि त्याला जवळजवळ ११०० ग्रॅम, म्हणजे किलोभराहून जास्त जस्त दर महिन्याला लागले असते. म्हणून बाटलीला समांतर एक जाड, अत्यल्प रोधाची पट्टी जोडत आणि बहुतेक सर्व प्रवाह त्या वाटेने जाऊ देत. बाटलीच्या वाट्याला सुमारे हजारावा हिस्सा येई. मग वरच्या घरात महिन्याला एक ग्रॅमच्या आसपास जस्त हलते, आणि ते रसायनशाळेच्या तराजूवर चांगले तोलता येते. एकच दिवा लावणाऱ्याच्या घरी मात्र हा आकडा ०.११ ग्रॅमवर येतो, आणि तेथे वजनात एका मिलिग्रॅमची चूक झाली तर बिलात जवळजवळ एक टक्क्याची चूक होते. पट्टी धुताना हात थोडा जोरात चालला तरी तेवढे जस्त सहज जाऊ शकते. माझ्या मते या मीटरची अचूकता बाटलीत नव्हतीच, ती पट्ट्या धुणाऱ्या, सुकवणाऱ्या आणि तोलणाऱ्या माणसाच्या बोटांत होती.

त्यात आणखी दोन अडचणी होत्या आणि एडिसनच्या माणसांनी दोन्ही हुशारीने सोडवल्या. द्रावण तापले की त्याचा रोध घटतो, म्हणजे उन्हाळ्यात बाटलीच्या वाट्याला जास्त प्रवाह येऊन बिल फुगणार. म्हणून बाटलीच्या ओळीतच तांब्याच्या तारेचे वेटोळे जोडले, कारण तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो. एकाची घट दुसऱ्याच्या वाढीने भरून निघते. दुसरी अडचण न्यूयॉर्कच्या हिवाळ्याची. तळघरातले द्रावण गोठू नये म्हणून मीटरच्या पेटीत एक दिवा ठेवला जाई, आणि थंडी विशिष्ट मर्यादेपलीकडे गेली की दोन धातूंची जोडपट्टी वाकून तो दिवा आपोआप लागत असे. विजेचे मीटर गरम ठेवायला विजेचाच दिवा!

या मीटरचा खरा दोष तांत्रिक नव्हता. ग्राहकाला ते वाचता येत नव्हते. महिन्याच्या शेवटी कंपनीचा माणूस येई, जुन्या पट्ट्या काढून नव्या बसवी, जुन्या केंद्रावर नेई, तेथे त्या तोलल्या जात आणि तराजूतून बिल निघे. गॅसच्या मीटरवर निदान काटे तरी दिसत. इथे ग्राहकाच्या हाती पडताळण्यासारखे काहीच नव्हते. काही मीटरांत दोन बाटल्या ठेवून एक दरमहा आणि दुसरी तीन महिन्यांनी तोलण्याची पद्धत होती, म्हणजे एकीवरून दुसरीची तपासणी होई. पण तीही तपासणी कंपनीच्याच तराजूवर. पर्ल स्ट्रीटने सुरुवातीचे काही महिने बिले काढलीच नाहीत. पहिले बिल १८ जानेवारी १८८३ रोजी अँसोनिया ब्रास अँड कॉपर कंपनीच्या नावे ५० डॉलर ४४ सेंटचे गेले असे नोंदले जाते. धातूच्या धंद्यातल्या कंपनीला धातूच्या वजनावरून बिल आले, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

जर्मनीत हर्मान आरोन याने १८८४ च्या सुमारास वेगळीच वाट धरली. दोन सारखे लंबक असलेले घड्याळ घ्यायचे. एका लंबकाच्या टोकाला चुंबक, आणि त्याच्याखाली घराचा प्रवाह वाहून नेणारे वेटोळे. प्रवाह नसेल तेव्हा दोन्ही लंबक बरोबरीने चालतील; प्रवाह आला की चुंबकवाला लंबक पुढे पळेल. दोन घड्याळांतला फरक दातेरी चाकांच्या योजनेने वेगळा काढून तबकड्यांवर दाखवायचा. म्हणजे हे मीटर फक्त एक घड्याळ दुसऱ्यापेक्षा किती पुढे गेले तेवढे मोजत होते. पुढे लंबकावर चुंबकाऐवजी विद्युतदाबाचे (व्होल्टेजचे) वेटोळे बसवून आरोनने त्यातून खरी ऊर्जा मोजून घेतली. यातला सर्वांत मोठा गुण असा की घड्याळ आधीच चालू असल्यामुळे अगदी लहान प्रवाहालाही घर्षणावर मात करून काही हलवायचे नसते. एकटा दिवा जळत असला तरी त्याची नोंद होई. उणीव अशी की घड्याळाला किल्ली द्यावी लागे, आणि दोन लंबक वर्षभर तंतोतंत जुळते राहणे अशक्य होते. पुढच्या आवृत्त्यांत आरोनने किल्ली विजेवर चढवली आणि ठरावीक वेळाने दोन लंबकांची कामे आपोआप अदलाबदल होतील अशी रचना केली, त्यामुळे उपजत फरकाची चूक एकदा इकडे, एकदा तिकडे पडून आपोआप कटत असे. आज सूक्ष्म मोजमापांतही ही युक्ती नेहमी वापरतात. मोटारीवर चालणारी मीटर स्वस्त झाली म्हणून आरोनचे मीटर मागे पडले, पण कारागिरी म्हणून मी त्याला त्या काळातले सर्वश्रेष्ठ मानतो.

आतापर्यंतचे सगळे एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसी प्रवाहाचे झाले. १८८५ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात झिपर्नोव्स्की, देरी आणि ब्लाथी यांनी व्यवहारात चालणारा ट्रान्सफॉर्मर उभा केला, आणि १८८६ च्या अखेरीस वेस्टिंगहाउसच्या कंपनीने अमेरिकेत बफेलो येथे एसी वीज विकायला सुरुवात केली. इथे मीटरचा पेच उभा राहिला. एसीमध्ये प्रवाहाची दिशा सेकंदाला कित्येकदा उलटते. जस्त जितके जाते तितकेच परत येते, म्हणून एडिसनची बाटली तेथे निकामी होती. एसीवाल्यांना जवळजवळ दोन वर्षे पुन्हा दिव्यामागे ठरावीक आकारणीवर यावे लागले.

पेच सुटला तो एका सांडलेल्या वस्तूमुळे. १८८८ च्या एप्रिलमध्ये वेस्टिंगहाउसचा अभियंता ऑलिव्हर शॅलेनबर्गर एसीवर चालणारा एक आर्क दिवा तपासत असताना आतली एक छोटी स्प्रिंग निसटून विद्युतचुंबकाजवळच्या कडेवर पडली आणि कोणी हात न लावता हळूहळू फिरू लागली. दुसऱ्या कोणी ती उचलून जागेवर बसवली असती. शॅलेनबर्गरने ती का फिरते हे शोधले. एकमेकांच्या मागेपुढे असणारी दोन चुंबकीय क्षेत्रे मिळून फिरते क्षेत्र तयार करतात आणि मधला धातू त्याच्यामागे ओढला जातो. इटलीत ट्यूरिनचा गॅलिलेओ फेरारिस या तत्त्वापर्यंत स्वतंत्रपणे पोचलेला होता आणि त्याने ते त्याच वर्षी प्रसिद्धही केले. शॅलेनबर्गरने काही आठवड्यांतच त्यावर मीटर उभे केले. त्यात प्रवाहाचे एक वेटोळे, त्याला तिरपे बसवलेले एक बंद वेटोळे, मध्ये फिरणारी चकती आणि त्याच दांडीवर हवेला विरोध करणारी चार पाती होती.

ही पाती का बसवली, हे सहसा कोणी सांगत नाही, आणि त्या मीटरची खरी किल्ली तीच आहे. चकतीला फिरवणारे बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, कारण दोन्ही क्षेत्रे त्याच एका प्रवाहातून निघतात. म्हणजे प्रवाह दुप्पट केला तर जोर चौपट होतो. चकतीचा वेग मात्र प्रवाहाच्या साध्या प्रमाणात हवा, नाहीतर दोन दिवे लावणाऱ्याला चार दिव्यांचे बिल जाईल. हवेचा विरोधही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वर्ग वर्गाला कापतो आणि वेग प्रवाहाच्या सरळ प्रमाणात येतो. पाच वर्षे आधी, १८८३ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये जेमतेम एकोणीस वर्षांच्या सेबास्टियन द फेरांटीने डीसीसाठी हीच युक्ती पाऱ्यात केलेली होती. त्याच्या मीटरमध्ये पाराच चुंबकीय क्षेत्रात गोल फिरत असे. चुंबकही त्याच प्रवाहाने भारलेला असल्यामुळे जोर वर्गात, आणि पाऱ्याचे भांड्याशी होणारे घर्षणही वर्गात. एकाने हवा वापरली, दुसऱ्याने पारा. गणित दोघांचे एकच. अर्थात दोघांचा दोषही एकच होता. प्रवाह दहावा हिस्सा झाला की जोर शंभरावा होतो, आणि एवढ्या क्षीण जोरावर टोकदार बेअरिंगचे घर्षण मात करून चकती उभीच राहते. एकटा दिवा बराच वेळ फुकट जळत असे.

तरीही शॅलेनबर्गरचे मीटर ऊर्जा मोजत नव्हते, अँपियर-तासच मोजत होते. घरात फक्त तंतूचे दिवे असतील तोवर यात काही बिघडत नाही, कारण दिव्यात दाब आणि प्रवाह बरोबरीने चालतात. पण एसीवर मोटारी, पंखे, वेटोळ्यांची उपकरणे आली की प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळू लागतो, आणि वाहिलेल्या प्रवाहाचा काही भाग काम न करताच ये-जा करतो. तेथे अँपियर-तासांवर बिल काढले तर ग्राहकाला न मिळालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात. १८८९ साली गांझ कारखान्याच्याच ओत्तो ब्लाथीने याचे उत्तर दिले. एका वेटोळ्यातून घराचा प्रवाह, दुसऱ्या बारीक तारेच्या वेटोळ्यावर घराचा दाब, आणि दाबाच्या वेटोळ्याचे क्षेत्र जवळजवळ पाव आवर्तनाने मागे पडेल अशी रचना. या जोडीतून चकतीवर येणारा जोर खऱ्या शक्तीच्या प्रमाणात येतो. रेंगाळलेल्या प्रवाहाचा निकामी भाग आपोआप गळतो. चकती कायमच्या चुंबकाच्या तोंडात फिरत असल्याने तिच्यात भोवरे-प्रवाह निर्माण होऊन वेगाच्या सरळ प्रमाणात रोध मिळतो. जोर शक्तीच्या प्रमाणात, रोध वेगाच्या प्रमाणात, म्हणून फेऱ्या ऊर्जेच्या प्रमाणात. भारतातल्या घरांत इलेक्ट्रॉनिक मीटर येईपर्यंत काचेआड जी काळी खूण असलेली चकती फिरताना दिसत होती, ती हीच. पहिले नमुने मात्र चांगले दांडगे होते. लाकडी पायावर बसवलेले, मिनिटाला २४० फेऱ्या घेणारे, २३ किलो वजनाचे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हेच वजन तीन किलोच्या आत आलेले होते.

१८८९ सालीच अमेरिकेत एलिहू थॉमसनने डीसी आणि एसी दोन्हींवर चालणारे मोटार-मीटर बांधले. लोखंड नसलेली ही लहानशी मोटार होती. स्थिर वेटोळ्यांतून प्रवाह, फिरत्या वेटोळ्यांत दाब, त्या वेटोळ्यांना वीज पोचवणारा चांदीचा कम्युटेटर, आणि खाली चुंबकांच्या तोंडात तांब्याची चकती. पॅरिस शहराने थोड्याच काळात भरवलेल्या मीटरस्पर्धेत थॉमसन आणि आरोन यांना बक्षीस विभागून मिळाले. एक घड्याळ आणि एक मोटार अशी ही दोन टोके एकाच पातळीवर धरली गेली, यावरून त्या क्षणी निवाडा किती अनिश्चित होता ते कळते.

आपण वीज युनिटमध्ये का मोजतो, हेही इथेच सांगणे बरे. ब्रिटनमध्ये १८८२ साली वीजदिव्यांचा कायदा झाला आणि त्याखालच्या परवान्यांत विक्रीचे एकक ठरवले गेले: एका व्होल्टच्या दाबाखाली १००० अँपियर प्रवाह एक तास वाहिला तर त्यातली ऊर्जा. व्यापार खात्याच्या नावावरून त्याला बोर्ड ऑफ ट्रेड युनिट म्हणत, आणि हाच आजचा किलोवॅट-तास. मुंबई-पुण्यात "या महिन्यात किती युनिट पडली" असे जे आपण म्हणतो, ते नाव ब्रिटिश परवान्यातून आलेले आहे.

ब्रिटनच्या बऱ्याच शहरांत डीसी पुरवठा दीर्घकाळ टिकला, म्हणून तेथे रासायनिक आणि पाऱ्याची मीटर विसाव्या शतकातही घरांत होती. ब्रायटनच्या आर्थर राइटने बनवलेल्या मीटरमध्ये जस्ताऐवजी पारा एका ठिकाणाहून निघून अंकित काचेच्या नळीत थेंबाथेंबाने साचत असे, आणि ग्राहक स्वतः ती पातळी वाचू शके. एडिसनच्या बाटलीत जे नव्हते ते इथे आले. नळी भरली की माणूस येऊन मीटर उलटे करी आणि पारा मागे जाई. राइटने घराची कमाल मागणी दाखवणारे साधनही काढले, कारण सायंकाळी सगळे दिवे एकदम लावणाऱ्या ग्राहकासाठी यंत्रे दिवसभर तयार ठेवावी लागतात हे जॉन हॉपकिन्सनने १८९२ साली मांडले होते. आजच्या बिलातला स्थिर आकार त्याच विचारातून आला. नाणे टाकून वीज घेण्याची मीटरही ब्रिटनमध्ये गॅसच्या अनुकरणाने आली. तो विषय वेगळा आहे.

आपल्याकडे वीज आली तेव्हा हा सगळा गोंधळ बराचसा निवळलेला होता. कलकत्त्यात सार्वजनिक वीजपुरवठा १८९९ साली सुरू झाला. मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली आणि १९०७ साली विजेची ट्राम धावली. तोवर ब्लाथीच्या तत्त्वावरची इंडक्शन मीटर सर्रास तयार होत होती. कायदाही आधी १९०३ चा आणि मग १९१० चा आला. १९१० च्या भारतीय वीज कायद्याचे (तो २००३ साली रद्द झाला) कलम २६ मीटरविषयी होते, आणि त्यात "बरोबर" मीटर हा शब्द जाणूनबुजून वापरलेला होता. मीटर बरोबर आहे की नाही यावर वाद झाला तर निर्णय विद्युत निरीक्षकाने द्यायचा, आणि चुकीच्या मीटरपोटी मागचा हिशोब सहा महिन्यांहून जास्त काळाचा काढायचा नाही. एडिसनच्या तराजूविषयी जी तक्रार होती तिला दिलेले हे कायद्याचे उत्तर आहे: तोलणारा दोन्ही पक्षांपेक्षा वेगळा हवा.

आता विश्वासाच्या प्रश्नाकडे येतो. फिरत्या भागांच्या मीटरमध्ये म्हातारपणी होणाऱ्या बहुतेक बिघाडांनी मीटर मंद होते. चकतीचा दांडा ज्या नीलमणी खड्यावर टेकतो तो झिजतो, त्याला बारीक चीर जाते, चाकांत धूळ आणि सुकलेले तेल साचते, थॉमसनच्या मीटरात कम्युटेटर काळवंडतो. हे सगळे ग्राहकाच्या पथ्यावर पडते, विशेषतः हलक्या भारावर. उलट दिशेची एकच मोठी चूक असते, आणि ती म्हणजे रोधक चुंबक कमजोर होणे. घरात शॉर्टसर्किट झाले आणि क्षणभर मोठा प्रवाह गेला की जुन्या पोलादी चुंबकाचे बळ घटते, रोध कमी होतो, आणि त्यानंतर ते मीटर कायमचे पळते. हे ग्राहकाला कळत नाही, कारण शॉर्टसर्किट कधी झाले ते तो विसरलेला असतो. घर्षणावर मात करण्यासाठी इंडक्शन मीटरांत थोडा जास्तीचा जोर दिलेला असतो. तो प्रमाणाबाहेर गेला आणि दाब वाढला की सगळे दिवे बंद असतानाही चकती सरकत राहते. म्हणून चकतीला समोरासमोर दोन भोके पाडतात, ती चुंबकाखाली आली की चकती अडते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका गृहस्थांनी नवे मीटर बसवल्यावर बिल दीडपट आले म्हणून तक्रार केली होती. आम्ही दोन्ही मीटर टेबलावर घेतली. नवे बरोबर होते. जुने पूर्ण भारावर ठीक चालत होते, पण एका दिव्यावर उभेच राहत होते. त्यांच्या घरी रात्रभर देवघरातला एक बल्ब जळत असे, आणि कित्येक वर्षे तो कोणाच्याच हिशोबात नव्हता. त्यांना हे पटले नाही, आणि माझीही तशी अपेक्षा नव्हती.

डीसीच्या अँपियर-तास मीटरची चूक वेगळ्या जातीची होती. तबकडीवर युनिट लिहिलेली असत, पण ती ठरलेला दाब गृहीत धरून काढलेली. तारेच्या टोकाला राहणाऱ्याच्या घरी दाब पडला तर दिवा मंद जळे, आणि मीटर मात्र प्रवाहाला पूर्ण दाबानेच गुणत राही. मीटर बिघडलेले नसूनही ग्राहक जादा पैसे भरत असे, आणि टेबलावरच्या कोणत्याही तपासणीत ही चूक दिसली नसती.

शेवटी सापडलेल्या मीटरविषयी. प्रथम पाटी वाचावी. तिच्यावर एसी, सायकल्स (प्रवाहाची सेकंदातली आवर्तने) आणि एका युनिटमागे किती फेऱ्या असे लिहिलेले असेल, आणि काचेतून आडवी चकती दिसत असेल, तर ते इंडक्शन मीटर आहे, आणि वर सांगितलेल्या ब्लाथीच्या घराण्यातले. तबकड्या वाचताना शेजारशेजारचे काटे उलटसुलट फिरतात हे ध्यानात ठेवावे; काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर लहान आकडा घ्यायचा, फक्त ९ आणि ० यांच्या मध्ये असेल तर ९. गॅसच्या मीटरकडून आलेली ही तबकड्यांची पद्धत वाचणाऱ्याला आजही फसवते. पाटीवर डीसी असेल, चकती बाहेरून दिसत नसेल आणि पेटी तिच्या आकाराच्या मानाने जड लागत असेल, तर आत पाऱ्याची खोली असण्याची बरीच शक्यता आहे. अशा मीटरांत तांब्याची चकती पाऱ्यात बुडालेली असे. तोच पारा प्रवाह चकतीपर्यंत नेई आणि तिचे वजन उचलून धरून खड्यावरचा भार कमी करी. ने-आण करताना पारा सांडू नये म्हणून काही मीटरांना चकती अडकवून ठेवण्याची सोय असे, पण इतक्या वर्षांनी तिच्या गॅस्केटवर विसंबू नये. मीटर भिंतीवर ज्या स्थितीत होते तसेच उभे ठेवून फळीसकट काढावे, आडवे करू नये, सील तोडू नये, हलवून आत काय वाजते ते पाहू नये. खाली कोठे चांदीसारखे थेंब दिसले तर ते झाडूने किंवा व्हॅक्यूमने गोळा न करता, खोलीची दारे-खिडक्या उघडून आणि मुलांना बाहेर ठेवून, धोकादायक रसायने हाताळणाऱ्या माणसाला बोलवावे.